पीएचसीत मुलांच्या झटक्यांचा सराव: महागड्या पुतळ्याशिवाय सिम्युलेशन कसं घ्यावं?

प्रश्न असा आला आहे: "मी मेळघाटातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. एमबीबीएस झाल्यावर बॉन्डवर इथे आलो. मुलांच्या झटक्यांवर जिल्ह्याला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, स्लाइड्स पाहिल्या, डोस पाठ आहेत. तरी रात्री झटके चालू असलेलं लेकरू दारात आलं की काही सुचत नाही. सिम्युलेशन ट्रेनिंगबद्दल (खऱ्यासारखा प्रसंग उभा करून सराव) ऐकतो, पण ते नागपूर-वर्ध्याच्या मेडिकल कॉलेजांत. आमच्याकडे ना तो पुतळा, ना बालरोगतज्ज्ञ. इथे काही करता येईल का? आणि खरंच फरक पडतो का?"

डॉक्टर, करता येतं. विदर्भातल्या पीएचसी आणि ग्रामीण रुग्णालयांत मी बरीच वर्षं हेच शिकवतो आहे. माझं ठाम मत आहे की झटक्यांचा सराव कॉलेजच्या स्किल लॅबपेक्षा तुमच्याच खोलीत, तुमच्याच ट्रेवर, तुमच्या रात्रपाळीच्या सिस्टरसोबत जास्त चांगला होतो. डोस तुम्हाला येतात, ते तुम्हीच लिहिलं आहे. औषध द्यायचं ठरल्यापासून ते लेकराच्या अंगात जाईपर्यंत जी मिनिटं जातात, ती कमी करायची आहेत. आणि ती मिनिटं तुमच्या केंद्रात कुठे जातात हे नागपुरात बसून कोणालाच दिसणार नाही.

मिनिटांवर एवढा भर का, ते आधी सांगतो. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेने २०१५ साली दोन रेषा आखून दिल्या. सर्वांगाला येणारा झटका ५ मिनिटांच्या वर गेला की तो आपोआप थांबेल या भरवशावर राहायचं नाही, उपचार सुरू करायचे. ३० मिनिटांच्या वर गेला की मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका. झटका लांबत जातो तसे मेंदूच्या पेशींच्या पृष्ठभागावरचे, मेंदू शांत ठेवणारे गाबा रिसेप्टर आत ओढले जातात. मिडॅझोलॅम, लोराझेपॅम, डायझेपॅम ही झटका थांबवणारी तिन्ही औषधं काम करतात ती याच रिसेप्टरवर. म्हणून जो डोस दहाव्या मिनिटाला झटका थांबवतो तोच चाळिसाव्या मिनिटाला तोकडा पडतो. अमेरिकेतल्या बालरुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१८ साली आला. औषधांना लवकर दाद न देणारे झटके असलेल्या मुलांमध्ये ज्यांना पहिला डोस दहा मिनिटांनंतर मिळाला, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. ही मोठ्या शहरांतली, सगळ्या सोयी हाताशी असलेली रुग्णालयं होती.

आपल्याकडे तर घड्याळ केंद्राच्या दारात सुरूच होत नाही. पाड्यावर झटका सुरू होतो, कोणी भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, नेतं, मग मोटरसायकल शोधली जाते, दोघांच्या मधे लेकरू धरून घाटातून आणलं जातं. म्हणून सरावात पहिली गोष्ट हीच पक्की करायची: लेकरू दारात आलं तेव्हा झटका चालू असेल तर "पाच मिनिटं बघू" म्हणायचं नाही. ती पाच मिनिटं रस्त्यातच संपलेली आहेत. आत घेतल्याबरोबर पहिला डोस.

एका केंद्रावर घेतलेल्या सरावाची नोंद सांगतो. तिथे सगळ्यांना दुपारची वेळ सोयीची होती, पण मी रात्री साडेआठचा आग्रह धरला, कारण लेकरं रात्रीच येतात आणि रात्री माणसं कमी असतात. वेळपत्रकावर, म्हणजे कितव्या मिनिटाला काय झालं त्याच्या नोंदीत, असं उतरलं: मूल आत, शून्य मिनिट. डॉक्टर म्हणाले, "मिडॅझोलॅम द्या", दुसरं मिनिट. औषध मांडीत गेलं, अकरावं मिनिट. मधली नऊ मिनिटं कुठे गेली ते आम्ही तिथेच बसून शोधलं. मिडॅझोलॅम कुलपात होतं आणि किल्ली फार्मासिस्टकडे, ते संध्याकाळी घरी गेलेले. दुसरी किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती हे फक्त शिपायाला ठाऊक. वजन कोणी घेतलंच नव्हतं. कपाट उघडल्यावर दोन वेगळ्या ताकदीचे ॲम्प्युल निघाले; डॉक्टरांचा हिशेब एकाचा चालू होता, सिस्टरच्या हातात दुसरा होता. १ मिलीची सिरिंज सापडेना. यातल्या एकाही माणसाला झटक्यांचे उपचार येत नव्हते असं नाही, सगळ्यांना येत होते. दुसऱ्या दिवशी नोंदवहीसह एक किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरकडे ठेवायचं ठरलं. पुढच्या सरावाला किल्लीपायी एकही मिनिट गेलं नाही.

ॲम्प्युलचा मुद्दा जरा नीट समजून घ्या, कारण सर्वात जास्त गोंधळ तिथे होतो. बाजारात मिडॅझोलॅम १ मिलीत १ मिलिग्रॅम आणि १ मिलीत ५ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं. समजा लेकरू १२ किलोचं आहे. मांडीतून किंवा नाकातून द्यायचा डोस किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे २.४ मिलिग्रॅम. पाचवाल्या ॲम्प्युलमधून तो अर्धा मिली भरतो. एकवाल्यातून २.४ मिली. एवढं पाणी नाकात घातलं तर निम्मं घशात जातं किंवा बाहेर येतं. आणि उलट गोंधळ झाला, म्हणजे एकवाल्याच्या हिशेबाने पाचवाल्यातून औषध भरलं, तर डोस पाचपट. झटक्यांच्या ट्रेमध्ये फक्त ५ मिलिग्रॅमवालं ठेवा, दुसरं तिथे दिसताच कामा नये.

मग भिंतीवर एक तक्ता लावा. मिलिग्रॅम लिहू नका, मिली लिहा. पाचवाल्या मिडॅझोलॅमचा हिशेब सोपा बसतो: ५ किलोला ०.२ मिली, १० किलोला ०.४, १५ ला ०.६, २० ला ०.८, २५ ला १ मिली. कमाल १० मिलिग्रॅम, म्हणजे २ मिली. नेझल स्प्रे असेल तर बाटलीवर एका फवाऱ्यात किती मिलिग्रॅम ते वाचून किलोप्रमाणे फवारे लिहून ठेवा, कारण सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. मिडॅझोलॅम नसेलच तर डायझेपॅम गुदमार्गाने, किलोमागे ०.५ मिलिग्रॅम. आपलं इंजेक्शन १ मिलीत ५ मिलिग्रॅमचं, म्हणजे किलोमागे ०.१ मिली, १२ किलोच्या लेकराला १.२ मिली. सुई काढलेली छोटी सिरिंज, चार-पाच सेंटिमीटर आत, औषध सोडल्यावर दोन्ही कुल्ले काही मिनिटं दाबून धरायचे. हे दाबून धरणं सरावात हमखास राहून जातं आणि औषध चादरीवर येतं.

शीर सापडलेली असेल तर लोराझेपॅम किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, कमाल ४. पण शीर शोधत बसू नका. झटके देणाऱ्या, अंगावर मांस नसलेल्या लेकराच्या हातात व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची नळी) घालायला अनुभवी हातालाही वेळ लागतो. २०१२ साली अमेरिकेतल्या रुग्णवाहिकांमधला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १३ किलोच्या वरची मुलंही होती. मांडीतून मिडॅझोलॅम मिळालेले ७३ टक्के रुग्ण रुग्णालयात पोहोचले तेव्हा झटका थांबलेला होता, शिरेतून लोराझेपॅम दिलेल्यांमध्ये ६३ टक्के. शिरेत सुई घालायला लागणारा वेळ वाचला, तोच हा फरक. मांडीतून डोस आधी, शीर नंतर. हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत सराव करा.

आता वजन. "वयाची दुप्पट अधिक आठ" हे सूत्र आपण सगळे शिकलो. तीन वर्षांच्या लेकराला ते १४ किलो देतं. धारणी-चिखलदऱ्यात तीन वर्षांचं लेकरू १० किलोचं असणं तुम्ही रोज पाहता. सूत्रावर गेलात तर डोस चाळीस टक्के जास्त जातो. म्हणून वजनकाटा त्याच खोलीत हवा, आणि काट्यावर ठेवण्याचं काम कोणाचं ते आधी ठरलेलं हवं. आई लेकराला घेऊन उभी राहते, मग एकटी उभी राहते, वजाबाकी केली की झालं.

पुतळ्याकडे येतो. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात स्किल लॅब सक्तीची झाली, त्यामुळे कॉलेजांमध्ये छाती वर-खाली होणारे, नाडी लागणारे पुतळे आले आहेत. चांगले आहेत, पण तुमच्या कामाला त्यांची गरज नाही. जुन्या कापडाची तीन वर्षांच्या लेकराएवढी बाहुली शिवून घ्या आणि आत ज्वारी भरा, १० किलो भरेल इतकी. वजन खरं असेल तर काट्यावर ठेवणं, उचलणं, कुशीवर वळवणं सगळं खरं होतं. झटके कसे दाखवायचे? एकाने बाहुलीचा हात-पाय धरून हलवत राहायचा आणि सूत्रधाराने (सराव चालवणाऱ्याने) खूण केल्याशिवाय थांबायचं नाही. ऑक्सिजनचे आणि नाडीचे आकडे पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. ज्याने लेकराला पल्स ऑक्सिमीटर लावला त्यालाच आकडा दाखवा, न मागता दाखवू नका. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमातला बाळाचा पुतळा लेबर रूममध्ये पडलेला असेल, तो बॅग-मास्कचा (पिशवी दाबून श्वास द्यायच्या साधनाचा) हात बसवायला वापरा. आणि त्याच वेळी बघून घ्या की मोठ्या मुलांचा मास्क ट्रेमध्ये आहे का. बहुतेक ठिकाणी नवजात बाळाचा असतो आणि मोठ्या माणसाचा असतो, मधला नसतो.

एक धोका आधीच सांगतो. मुदत संपलेले ॲम्प्युल किंवा पाणी भरलेल्या व्हायल सरावासाठी वापरायच्या तर त्यावर लाल पट्टी चिकटवा, वेगळ्या डब्यात ठेवा आणि सराव संपल्यावर मोजून परत ठेवा. पाण्याची व्हायल खऱ्या ट्रेमध्ये राहिली तर काय होईल ते सांगायला नको.

प्रसंग साधा ठेवा. आशाताईला आई करा. त्या ही भूमिका इतकी खरी करतात की नवे डॉक्टर गडबडून जातात. ती ओरडत आत येते: "डाक्टर, माह्या लेकराले झटके येऊन राह्यले, काही तं करा ना!" सोबत आजी, तिच्या हातात चमचा, दातात घालायला निघालेली. दुसऱ्या कोणाच्या हातात कांदा किंवा चप्पल, हुंगवायला. हे सगळं खऱ्यात होतं, मग सरावात का नको? चमचा काढून घेण्याचं काम कोणाचं, आजीला कुठे बसवायचं, तिला काय सांगायचं, हे बोलून पाहावं लागतं. "बाजूला व्हा" म्हटलं की ती जास्त घाबरते. "आजी, तुम्ही याचे पाय हलके धरा, झटका किती वेळापासून आहे ते मला सांगा," असं म्हटलं की ती शांत होते आणि आपल्याला वेळ कळते. कोरकू बोलणारं कोणी टीममध्ये असेल तर तिचं पहिलं काम हेच. कोरकू येत नसलेल्या डॉक्टरला चार वाक्यं तरी शिकून घ्यायला हवीत, आणि ती या सरावातच पक्की होतात.

माणसं वाटून घ्या. रात्री तुमच्याकडे तिघं असतील: तुम्ही, सिस्टर, शिपाई. तुम्ही डोक्याशी. कुशीवर घेणं, तोंडातली लाळ-उलटी सक्शनने काढणं, ऑक्सिजन, अंबू बॅग (तीच बॅग-मास्कची पिशवी) हाताशी. सिस्टर औषध भरते आणि देते. शिपाई किंवा ड्रायव्हर घड्याळ बघतो आणि लिहितो. त्याला औषधांची नावं येण्याची गरज नाही, "पहिली सुई", "दुसरी सुई" लिहिता आलं तरी पुरे. दर दोन मिनिटांनी त्याने मोठ्याने वेळ सांगायची. डॉक्टरने सगळंच स्वतः करायला घेतलं की काही सुचेनासं होतं. हातातलं एक काम ठरलेलं असलं की तसं होत नाही, हे मी असंख्य नव्या डॉक्टरांमध्ये पाहिलं आहे.

तोंडी सूचना देताना "पॉइंट फाइव्ह" म्हणू नका, गलक्यात त्याचं "फाइव्ह" होतं. "अर्धा एमएल" म्हणा. सिस्टरने परत म्हणायचं: "मिडॅझोलॅम अर्धा एमएल, मांडीत देते." दिल्यावर: "दिलं." आणि घड्याळवाल्याने वेळ म्हणायची. सुरुवातीला सगळ्यांना हे शाळेतल्यासारखं वाटतं, दोन-तीन सरावांनंतर तोंडात बसतं.

पहिल्या डोसबरोबरच बोट टोचून साखर. कमी निघाली तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे ५ मिली शिरेतून, नवजात बाळाला २ मिली. उपाशीपोटी, उलट्या झालेल्या, कुपोषित लेकरात झटक्याचं कारण तिथेच सापडू शकतं, आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपलेल्या असणं हे सरावातच कळलेलं बरं. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, झटका थांबत नाही. तेवढ्यावर विसंबून बसू नका.

पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर एक डोस परत. तिथे थांबा. आधी एखाद्या खासगी डॉक्टरने किंवा १०८ च्या डॉक्टरने दिलेला डोसही यात मोजायचा. बेंझोडायझेपिनचे (मिडॅझोलॅम, लोराझेपॅम, डायझेपॅम या गटाचे) दोन योग्य डोस होऊनही झटका चालू असेल तर तिसरा देऊन फायदा कमी आणि श्वास मंदावण्याचा धोका जास्त. पुढच्या औषधाकडे वळा.

या श्वासाच्या भीतीबद्दल मात्र बोलायलाच हवं. "लेकरू झोपून जाईल, श्वास थांबेल" या धाकाने निम्मा डोस दिला जातो, मग थोड्या वेळाने आणखी निम्मा. असा तुकड्या-तुकड्यांतला डोस झटका थांबवत नाही आणि औषध मात्र अंगात साचत जातं. २००१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णवाहिकांतला प्रौढ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. श्वासाचे किंवा रक्ताभिसरणाचे त्रास औषध मिळालेल्यांत दहा-अकरा टक्क्यांना झाले आणि ज्यांना नुसतं पाणी टोचलं होतं त्यांच्यात बावीस टक्क्यांना. चालू राहिलेला झटकाच श्वास जास्त बिघडवतो. म्हणून सरावात एकदा मुद्दाम डोसनंतर पुठ्ठ्यावर ऑक्सिजन ८४ दाखवा आणि बॅग-मास्कने श्वास द्यायला लावा. ज्याच्या हाताला बॅग-मास्कची सवय आहे तो पूर्ण डोस द्यायला घाबरत नाही.

दुसऱ्या टप्प्याची औषधं: लेव्हेटिरासिटॅम, फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट. २०१९ साली तिघांची तुलना करणारा मोठा अभ्यास आला, त्यात फेनिटॉइनच्या जागी फॉस्फेनिटॉइन होतं. तिन्हींनी साधारण निम्म्या रुग्णांत काम केलं, कोणी उजवं ठरलं नाही. मग पीएचसीसाठी मी लेव्हेटिरासिटॅम सुचवतो, कारण द्यायला सोपं. किलोमागे ४० मिलिग्रॅम, १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या व्हायलमधून १२ किलोला ४.८ मिली, सलाईनमध्ये मिसळून दहा मिनिटांत. फेनिटॉइनच असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅम, फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, निदान वीस मिनिटांत, नाडीवर लक्ष ठेवून. डेक्स्ट्रोजच्या बाटलीत घातलं तर त्याचे कण बनतात. मांडीत तर द्यायचंच नाही. सरावाच्या ट्रेमध्ये डेक्स्ट्रोज आणि सलाईन शेजारी-शेजारी ठेवून बघा, घाईत कोणता हात कुठे जातो ते दिसेल. नवजात बाळाचं गणित वेगळं आहे, तिथे साखर आणि कॅल्शियम बघून फिनोबार्बिटोन किलोमागे २० मिलिग्रॅम. त्याचा सराव वेगळा घ्या, यात मिसळू नका.

झटका थांबला म्हणजे नक्की काय, हेही शिकावं लागतं. हातपाय थांबतात, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण डोळे एका बाजूला वळलेले असतात, पापणी किंवा ओठाचा कोपरा फडफडत असतो, नाडी दीडशेच्या वर. झटका अजून चालू असू शकतो. बाहुलीवर हे दाखवता येत नाही, म्हणून अशा लेकरांचे व्हिडिओ दाखवा, नातेवाइकांची परवानगी घेऊन केलेले आणि चेहरा ओळखू न येणारे. बालरोग विभागांकडे ते असतात. सेवाग्राम, सावंगी, नागपूरच्या विभागांतले शिक्षक मागितलं तर आनंदाने मदत करतात, फोनवरून सरावात सहभागीही होतात.

प्रसंग आपल्या भागाचे हवेत. साधा तापाचा झटका सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांत बहुतेक वेळा आपोआप थांबतो. त्याचा सराव एकदा पुरे. गडचिरोलीत झटका, ताप आणि बेशुद्धी आली की मलेरियाची रॅपिड टेस्ट लगेच हवी आणि शक्यता असेल तर आर्टिसुनेट, २० किलोच्या खालच्या लेकराला किलोमागे ३ मिलिग्रॅम. भंडारा-गोंदियाकडे जपानी मेंदूज्वर. चांदीपुरा विषाणूला नाव मिळालं तेच नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून, १९६५ साली. ताप, उलट्या, झटके आणि एक-दोन दिवसांत लेकरू हातातून जातं. मेंदूज्वर किंवा मेनिंजायटिसची शंका असेल तर रेफर करण्याआधी सेफ्ट्रिॲक्सोनचा पहिला डोस. कपाशीच्या पट्ट्यात, यवतमाळ-वर्ध्याकडे, घरात ठेवलेलं फवारणीचं औषध: डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या, लाळ, घाम आणि झटका असं दिसलं तर ॲट्रोपिन काढा. आणि देव्हाऱ्यातला कापूर. लहान लेकराने चघळलेल्या एक-दोन वड्याही झटके आणू शकतात. आईला विचारायच्या प्रश्नांत "घरात काय खाल्लं?" हा प्रश्न आशाताईच्या तोंडून उत्तर मिळेपर्यंत घोटून घ्या.

एक प्रसंग असा हवा ज्यात गाडी येतच नाही. धारणीपासून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मधे घाट. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. अशा वेळी लेकरू तुमच्याकडे तास-दोन तास राहणार. सूत्रधाराने फोनवर सांगायचं, "गाडी निघाली नाही," आणि बघायचं की टीम दुसऱ्या टप्प्याचं औषध स्वतः सुरू करते की फोनकडे बघत थांबते.

आता चर्चा. प्रसंग आठ-दहा मिनिटांचा, चर्चा पंधरा-वीस मिनिटांची, लगेच, त्याच खोलीत. वेळपत्रक मधे ठेवा आणि त्याच्यावरच बोला. एक नियम मी कधी सोडत नाही: मेडिकल ऑफिसर सगळ्यात शेवटी बोलणार. साहेब आधी बोलले की सिस्टर मान हलवते आणि तिला दिसलेली गोष्ट तिच्याकडेच राहते. एका चर्चेत शिपायाने हळूच सांगितलं की ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी खोलीत नसते, बाहेर जनरेटरजवळ टांगलेली असते. हे तिथल्या एकाही डॉक्टरला माहीत नव्हतं. दुसरा नियम: सरावातलं काहीही कोणाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही, तालुक्याच्या बैठकीत कोणाच्या नावाने सांगितलं जाणार नाही. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोला. नाहीतर लोक सराव करत नाहीत, परीक्षा देतात.

फरक पडतो का, हे तुम्ही विचारलंत. २०११ साली सहाशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. सिम्युलेशनने ज्ञान, कौशल्य आणि कामाची पद्धत यांत मोठा फरक दिसला. रुग्णाच्या फायद्यातही फरक दिसला, पण मध्यम. मी तुम्हाला जास्त आश्वासन देणार नाही. पण किल्ली, मास्क, सिरिंज, पट्ट्या या गोष्टी पहिल्याच सरावात सुधारतात, त्यासाठी कोणत्या अभ्यासाची वाट पाहायला नको. शिकलेलं काही महिन्यांत पुसट होतं, म्हणून वर्षातून एक दिवस घेण्यापेक्षा महिन्यातून अर्धा तास घ्या. नवी सिस्टर बदलून आली की त्याच आठवड्यात एक. पावसाळ्याच्या तोंडावर एक हमखास.

लोराझेपॅमबद्दल राहिलं. ते थंडच लागतं, २ ते ८ अंशांत, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर. लसींच्या आयएलआरमध्ये (लसींसाठीच्या खास फ्रिजमध्ये) ते ठेवायला परवानगी नाही, ठेवूही नका. साधा फ्रिज असेल तर तिथे, नसेल तर लोराझेपॅमवर विसंबूच नका. मिडॅझोलॅम खोलीत राहू शकतं, फक्त पत्र्याखालच्या कपाटात नको. महिन्याच्या सरावाला ट्रे उघडला की तारखा बघितल्या जातात, हा वेगळा फायदा.

पहिला सराव याच आठवड्यात घ्या, बाहुली नसेल तर उशीवर घ्या. आणि तेच वेळपत्रक खरं लेकरू येईल तेव्हाही भरा: आत कधी आलं, वजन किती, पहिला डोस कोणता, किती मिली, कुठून, कधी; दुसरा कधी; साखर किती; झटका थांबला कधी. त्याचा फोटो काढा आणि कागद रेफरच्या चिठ्ठीला टाचून द्या. परतवाड्याच्या किंवा अमरावतीच्या डॉक्टरला दोन डोस होऊन गेले आहेत हे कळलं नाही तर तिथे तिसरा आणि चौथाही दिला जातो.